डिस्चार्ज कार्डावर एक तारीख कमी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पेशंट आठ-दहा दिवसांनी घरी येतो. टाके निघतात, पातळ पेज जाऊन मऊ भात पोटात ठरू लागतो आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. नेमक्या याच दिवसांत काही पेशंटच्या पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. ती सुटून वर सरकली आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली, तर बाथरूमपर्यंत चालत गेलेला माणूस तिथेच कोसळतो. गावात बातमी पसरते ती ‘हार्ट अटॅक आला’ अशी. ऑपरेशन चांगले झाले होते, मग असे कसे झाले, याचे उत्तर कुणाला मिळत नाही. ते उत्तर ठाऊक आहे आणि बऱ्याच अंशी हा प्रकार टाळताही येतो, म्हणून हे पत्र.

कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झालेल्या २,३७३ पेशंटचा इटलीतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्रास देणारी गुठळी झालेले पेशंट शेकडा दोनच्या आसपास होते. आकडा लहान वाटतो. पण महिन्याभरात दगावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे (४६ टक्के) या गुठळीनेच गेले होते, आणि गुठळ्यांपैकी ४० टक्के एकविसाव्या दिवसानंतर झाल्या होत्या. एकविसाव्या दिवशी आपला पेशंट कुठे असतो? जतला, आटपाडीला, पाटणला, नाहीतर सीमेपलीकडे अथणीला, स्वतःच्या ओसरीवर. वॉर्डातली सिस्टर तिथे नसते.

गुठळी का होते, हे फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच तीन कारणांत मांडले होते: रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्तच लवकर गोठणारे होणे. पोटाच्या कॅन्सरमध्ये तिन्ही एकदम जमून येतात. गाठीच्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्ये सोडतात, आणि जठराच्या बहुतेक गाठी ज्या ग्रंथींच्या पेशींपासून होतात त्यांचा चिकट स्राव प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटवतो. १८६५ साली पॅरिसच्या आर्मां त्रूसो या डॉक्टरांनी कर्करोग आणि शिरेतल्या गुठळ्या यांचे नाते व्याख्यानात सांगितले. पुढे स्वतःच्या शिरेत गुठळी दिसल्यावर त्यांनी आपल्या आजाराचे निदान ओळखले, आणि १८६७ साली ते जठराच्याच कर्करोगाने गेले.

आजही केमो घेणाऱ्या पेशंटचा धोका मोजताना खोराना यांच्या पद्धतीत जठर आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरला सर्वांत जास्त, म्हणजे २ गुण दिले जातात. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर आणखी १, आणि प्लेटलेट साडेतीन लाख किंवा त्याहून जास्त असतील तर आणखी १. आपल्याकडे पोटाच्या गाठीतून महिनोन्‌महिने थोडे थोडे रक्त जात असते. पेशंट येतो तोच ८-९ हिमोग्लोबिन घेऊन. त्याचे तीन गुण दारातच भरलेले असतात.

शस्त्रक्रियेच्या पेशंटसाठी कॅप्रिनी यांचा गुणतक्ता वापरतात. ६५ वर्षांच्या शेतकऱ्याचा हिशेब करून पाहू. वय ६१ ते ७४ म्हणून २, कॅन्सर २, पाऊण तासापेक्षा मोठे ऑपरेशन २, मानेतून घातलेली सलाईनची लाईन २. झाले ८. या तक्त्यात ५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे सर्वांत जास्त धोका धरतात. हा हिशेब कागदावर करायला दोन मिनिटे लागतात. भरतीच्या कागदांत रक्तगट, संमतीपत्र, आधारची झेरॉक्स असते, तसा हा तक्ता असायला काहीच हरकत नाही. बऱ्याच ठिकाणी तो नसतो.

ऑपरेशन टेबलावर काय होते तेही पाहावे. जठर काढायला तीन ते पाच तास लागतात. पोटरीचे स्नायू चालताना शिरा पिळून रक्त वर ढकलतात. भुलीत ते पूर्ण सैल पडलेले असतात. दुर्बिणीने ऑपरेशन असेल तर पोटात गॅस भरतात आणि आतडी खाली सरकावीत म्हणून टेबलाची डोक्याकडची बाजू उंच करतात. गॅसचा दाब पोटातल्या मोठ्या शिरेवर, आणि पाय खाली. पायातले रक्त तिथेच साचून राहते. दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे गुठळीचा धोका नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची. दुर्बिणीने केलेला माणूस लवकर चालू लागतो, तो फायदा खरा. टेबलावरचे तास काही टळत नाहीत.

यात आपल्याकडची एक खास भर आहे: कोरडे पडलेले पेशंट. जठराचे तोंड गाठीने बंद झालेले, आठवडाभर उलट्या, त्यात ‘उपाशी राहायचे’ म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. रक्त घट्ट होते. जठराची वाट मोकळी असेल तर भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत साधे पाणी चालते, हे भूलतज्ज्ञ सांगतात. वाट बंद असेल तर तोंडाने नको, पण मग सलाईन आदल्या दिवसापासून हवी. आणि ऑपरेशनपूर्वी केमो झालेली असेल तर भरतीच्या वेळी दोन्ही पाय पाहावेत. केमोच्या दोन-तीन महिन्यांत गुठळी आधीच झालेली असू शकते. तिच्यासकट पेशंट टेबलावर गेला तर पुढचे सगळे उपाय उशिराचे.

आता उपाय. पायाला गुंडाळायच्या हवेच्या पिशव्या पोटरीला थोड्या थोड्या वेळाने दाबतात. त्या भूल देण्यापूर्वी चालू करायच्या असतात. वॉर्डात पेशंट संडासला जाताना त्या काढतात आणि परत लावायच्या राहून जातात. पंपाचा दिवा हिरवा असतो, नळी जमिनीवर. लांब मोज्यांचेही तसेच. पोटरीचा घेर टेपने मोजून माप घ्यायचे असते. मेडिकलवाला देईल तो मोजा घातला की तो गुडघ्याखाली गुंडाळी होऊन बसतो आणि दोरी बांधल्यासारखी शीर आवळतो. ज्याच्या पायाचा शुद्ध रक्ताचा पुरवठाच कमी आहे, म्हणजे जुना मधुमेह, विडी-सिगारेट, बोटे काळी पडलेली, त्याला हे मोजे घालूच नयेत.

मुख्य आधार ‘रक्त पातळ करायच्या’ इंजेक्शनचा. खरे तर ते रक्त पातळ करत नाही, गोठण्याची साखळी अडवते. इनॉक्सापॅरिन (हेपॅरिन या औषधाचाच एक प्रकार) ४० मिलिग्रॅम म्हणजे ४००० युनिट, दिवसातून एकदा, कातडीखाली. सुरुवात ऑपरेशनच्या १२ तास आधी किंवा नंतर ६ ते १२ तासांनी, रक्तस्राव थांबल्याची खात्री करून. पाठीत वेदनाशमनाची बारीक नळी असेल तर घड्याळ फार सांभाळावे लागते. इंजेक्शननंतर १२ तासांच्या आत ती नळी घालायची किंवा काढायची नाही, आणि काढल्यानंतर किमान ४ तास पुढचे इंजेक्शन द्यायचे नाही. नाहीतर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून दोन्ही पाय लुळे पडू शकतात. यावर साधी युक्ती: इंजेक्शनची वेळ रोज रात्री आठची ठेवावी. नळी सकाळी नऊच्या राउंडला निघते, बारा तास होऊन गेलेले असतात, आणि रात्रीच्या आठपर्यंत पुढचे चार तासही.

सर्वांना एकच डोस हे मात्र चालत नाही. मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट १.२ आला की कुणाची भुवई उंचावत नाही. पण पेशंट ७० वर्षांची, ४० किलो वजनाची आजी असेल तर हिशेब मांडून पाहा: (१४० उणे वय ७०) गुणिले वजन ४०, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन १.२), आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर २७.५. मूत्रपिंडे मिनिटाला ३० मिलीलिटरही गाळत नाहीत, म्हणजे ४० मिलिग्रॅम अंगात साठत जाणार आणि रक्तस्राव होणार. तिचा डोस कमी करावा लागतो किंवा साधे हेपॅरिन द्यावे लागते. आपल्या भागातल्या पोटाच्या कॅन्सरच्या बायका बहुतेक अशाच हडकुळ्या असतात. शिवाय पाचव्या ते दहाव्या दिवसात प्लेटलेट एकदा तपासाव्यात. त्या निम्म्यावर आल्या तर हेपॅरिनचीच उलटी प्रतिक्रिया असू शकते, त्यात प्लेटलेट कमी होऊनही गुठळ्या वाढतात. तेव्हा हे औषध तात्काळ बंद करून दुसरे द्यावे लागते.

‘रक्तस्राव झाला तर?’ हा सर्जनचा प्रश्न रास्त आहे. कोरियात फक्त जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनवर झालेला अभ्यास २०१८ साली आला. ६६६ पेशंट, निम्म्यांना नुसत्या हवेच्या पिशव्या, निम्म्यांना पिशव्या आणि इंजेक्शन. गुठळी ३.६ टक्क्यांवरून ०.६ वर आली, पण रक्तस्राव १.२ वरून ९.१ टक्क्यांवर गेला. त्यामुळे सर्वांना डोळे मिटून इंजेक्शन द्या असे आम्ही म्हणत नाही. पोटातून बाहेर काढलेल्या नळीत, ड्रेनमध्ये, लाल रक्त येते आहे, प्लेटलेट ५०,००० च्या खाली आहेत, पुन्हा पोट उघडायची वेळ आली आहे, तेव्हा पिशव्यांवर भागवावे आणि रोज सकाळी पुन्हा ठरवावे. ‘आज नको’ हा निर्णय झाला. ‘विसरले’ हा निर्णय नव्हे. केसपेपरवर दोन्ही सारखेच दिसतात, रिकामी चौकट. म्हणून न देण्याचे कारण त्या चौकटीत एका शब्दात लिहावे.

आता मूळ मुद्दा: किती दिवस? पोटातल्या आणि ओटीपोटातल्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियांवर २००२ साली एक अभ्यास आला. ३३२ पेशंट. काहींना इंजेक्शन साधारण आठवडाभर, काहींना चार आठवडे. शिरांत रंगद्रव्य सोडून फोटो काढल्यावर पहिल्या गटात १२ टक्क्यांना गुठळी सापडली, दुसऱ्यात ४.८. तेव्हापासून पोटाच्या मोठ्या कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर धोका जास्त असलेल्या पेशंटला चार आठवडे हा जगभरचा सल्ला आहे. आपल्याकडे डिस्चार्जच्या दिवशी इंजेक्शन थांबते, याचे कारण वैद्यकीय नसते. कार्डावर गोळ्या लिहिल्या जातात. इंजेक्शन ‘वॉर्डातले’ समजून राहून जाते. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन झाले असेल तर पॅकेजमध्ये घरी गेल्यानंतरचे मोजकेच दिवस धरलेले असतात, अठ्ठावीस नव्हे, आणि एकेक सिरिंज काही शे रुपयांची. एवढा खर्च विचारायचा कसा, या संकोचापोटीही डॉक्टर बोलत नाहीत. बोलावे. जनऔषधी केंद्रात चौकशी करावी, ऐपत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे पाठवावे, पण पेशंटला ठाऊकच नाही असे होऊ देऊ नये.

इंजेक्शनऐवजी गोळी का नको, असे हमखास विचारतात. रिवारोक्साबानसारख्या गोळ्या जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषल्या जातात. जठरच काढल्यावर किती औषध रक्तात उतरेल याची खात्री देता येत नाही. गाठ आत शिल्लक असेल तर या गोळ्यांनी तिच्यातून रक्त जाण्याची भीतीही जास्त. पायाचे हाड बसवलेल्या शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या म्हणूनच घेऊ नयेत. असे होते, म्हणून लिहिले.

घरी इंजेक्शन देणे अवघड नाही. घरातल्या कुणालाही एका दिवसात शिकवता येते. बेंबीपासून चार बोटे सोडून बाजूला, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. टाक्यांची रेघ, ड्रेनचे भोक आणि आतड्यातल्या नळीची जागा टाळून. पोटावर जागा नसेल तर मांडीची बाहेरची बाजू. कातडीची घडी अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि सुई बाहेर काढेपर्यंत सोडायची नाही. सुई सरळ, उभी. सिरिंजमधला हवेचा छोटा बुडबुडा उडवायचा नाही. तो उडवताना औषधाचे थेंब जातात. नंतर चोळायचे नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण सुई टोचली की चोळायचे ही आपली लहानपणापासूनची सवय. चोळले की वाटीएवढा काळानिळा डाग पडतो, घरचे घाबरतात आणि दुसऱ्या दिवसापासून सुई बंद. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. सिरिंज २५ अंशांखाली ठेवायची. मार्च ते मे जत-आटपाडीच्या पत्र्याच्या घरात ते शक्य नसते, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत. पावसाळ्यात एक सावधगिरी जादा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेच्या पुरात कितीतरी गावांचे रस्ते तुटले होते. नदीकाठच्या पेशंटला पावसाळ्यात आठवड्याच्या हिशेबाने नव्हे, उरलेल्या सगळ्या सिरिंजा एकदम द्याव्यात.

या दिवसांत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती सांगावी. शौच काळी झाली तर? जठराच्या ऑपरेशननंतर लोहाच्या गोळ्या असतातच आणि त्यांनीही शौच काळी होते. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची, सोबत घेरी, तर ते रक्त आहे. लगेच दवाखाना.

चालणे हे फुकटचे औषध. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, मग वॉर्डात फेरी. ‘टाके तुटतील’ म्हणून आजूबाजूचे सगळे झोपवून ठेवतात. पोटाला पट्टा बांधून चालल्याने टाके तुटत नाहीत. झोपलेले असतानाही दर तासाला दहा-पंधरा वेळा पावले वर-खाली हलवावीत. पुढच्या तपासणीला मुंबईला जायचे तर आठ-नऊ तास एका जागी बसू नये. दर दोन तासांनी गाडी थांबवून उतरावे.

आणि ओळखावे कसे? एक पाय, बहुधा एकच, सुजतो. पोटरी टणक, गरम लागते, दुखते. गुडघ्याखाली चार-पाच बोटांवर दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून पाहावा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घराघरांत याच वेळी घात होतो. ‘शीर चढलीय, जरा त्याल लावून चोळ’ म्हणत सासू नाहीतर बायको पोटरी रगडते, वर गरम विटेचा शेक देते. त्या रगडण्यानेच गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सुजलेली पोटरी चोळू नये, शेकू नये, वैदूकडे नेऊ नये. अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, घेरी, खोकल्यातून रक्त यांतले काहीही झाले तर १०८ ला फोन, उद्याची वाट नाही.

तपासणी म्हणजे पायाची सोनोग्राफी, डॉपलर. यंत्राच्या टोकाने शीर दाबतात: निरोगी शीर चपटी होते, गुठळीची होत नाही. वीस मिनिटांचे काम. सांगली-मिरजेत ते कुठेही होते. डी-डायमर नावाची रक्तचाचणी इथे उपयोगाची नाही. ऑपरेशन आणि कॅन्सर या दोहोंनी ती वाढलेलीच असते, पैसे मात्र जातात.

पत्र लांबले, पण मागणी एका ओळीची आहे. मिरजेच्या दवाखान्यांत निम्मे कर्नाटक येते आणि कार्ड इंग्रजीत छापलेले असते. पोटाच्या कॅन्सरच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर, औषधांच्या यादीच्या वर, मराठीत आणि कन्नडमध्ये एक चौकट छापावी: ‘गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन. शेवटचा डोस: तारीख ______. न दिल्यास कारण: ______.’ ऑपरेशनच्या तारखेत अठ्ठावीस मिळवले की ती तारीख निघते. ती कार्ड देणाऱ्याने पेनाने भरावी आणि सोबत आलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी.

आपले,
पोटाच्या शस्त्रक्रिया, भूल आणि वॉर्डाचे काम पाहणारे काहीजण,
मिरज, जि. सांगली